सोळा वेळा चार पूर्णांक दोन

वहिनींनी अकरा वर्षं दिवे बघितले. सर्किट बोर्डांच्या कारखान्यात त्या टेस्टिंगला होत्या. पट्ट्यावरून बोर्ड यायचा, साच्यात बसवायचा, बटण दाबायचं, दिवा बघायचा. हिरवा लागला तर उजव्या खोक्यात, लाल लागला तर डाव्या. पाळीला नऊशे बोर्ड. लाल का लागतो, असं एकदा त्यांनी विचारलं. सुपरवायझर म्हणाला, "तुम्हाला दिवा बघायला ठेवलंय. का लागला ते बघायला वरती माणसं आहेत."

त्यांच्या जागी मी असतो तर तिथेच भांडण काढून बसलो असतो. वहिनींनी ते वाक्य गिळलं आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या खोक्यातला, भंगारात जाणारा एकेक बोर्ड जेवणाच्या डब्यात घालून घरी आणायला लागल्या. कुणी याला चोरी म्हणेल. म्हणू दे.

कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही फाटकासमोर एकोणसत्तर दिवस बसलो. त्यांचे यजमान आणि मी एकाच सतरंजीवर. तेव्हापासून ते माझे दादा, म्हणून त्या वहिनी, आणि मी भावजी. फाटक काही उघडलं नाही. दादांनी घराच्या पुढच्या खोलीत पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं काम काढलं. मधल्या खोलीत, खिडकीखाली, वहिनींचं टेबल आलं. टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री, भिंग, एक जुना लॅपटॉप ज्याची दोन बटणं उडालेली, आणि वर दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेले बोर्ड, वाळत घातल्यासारखे. दादा म्हणतात, "आमच्याकडे धूर दोन प्रकारचा. पुढे वार्निशचा, मागे बायकोचा."

वहिनींचं काम काय, हे मला समजायला चार वर्षं लागली, म्हणून सोपं करून सांगतो. नखाएवढी चिप असते. ती पाण्याच्या टाकीवर, गोदामात, लिफ्टच्या खोलीत, कुठेही बसवतात. ती तिथलं काहीतरी मोजते आणि नेटवर्कवरून आकडा पाठवत राहते. त्या चिपच्या पोटात जो प्रोग्रॅम असतो त्याला फर्मवेअर म्हणतात. काही फर्मवेअर कंपन्यांच्या कुलपात असतं. काही उघड्यावर असतं: कुणीही वाचा, कुणीही वापरा, चूक सापडली तर दुरुस्त करून द्या. याला ओपन सोर्स म्हणतात. अशाच एका उघड्या फर्मवेअरमधले बग, म्हणजे चुका, वहिनी नऊ वर्षं काढत आल्या. शाळा अर्धवट, परकी भाषा डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलेली. तिथे त्यांना कुणी खऱ्या नावाने ओळखत नाही. तिथे त्यांचं नाव 'लालदिवा'.

त्या जगात एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली आणि कोणत्या तारखेला, हे कायमचं नोंदलेलं असतं. बग सापडला की आधी ते बघायचं. ओळ आपलीच निघाली तर सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, 'ही चूक माझी, दुरुस्ती सोबत देत आहे.' त्यावर कुणी ओरडत नाही. एखादा जण अंगठ्याचं चित्र टाकतो आणि सगळे पुढच्या कामाला लागतात. वहिनींनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "आमच्या युनियनमध्ये असं सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी कुलूप लागेल."

आता मोती.

मोती हा औषधांच्या सरकारी भांडारात शीतखोलीचा अटेंडंट. एकोणीस वर्षं नोकरी. अक्षर मोत्यासारखं, म्हणून मोती; आणि भांडारातले लोक कुत्र्याला हाक मारावी तशी हाक मारून हसायचे, तेही त्याने एकोणीस वर्षं ऐकून घेतलं. काम असं: खोलीत लसी ठेवलेल्या, खोलीचं तापमान बाहेरच्या पडद्यावर दिसतं, ते सकाळी आठ ते रात्री आठ, दर दोन तासांनी, वहीत लिहायचं आणि पुढे सही करायची.

एका सोमवारी सकाळी अकरा वाजता माल न्यायला गाडी आली. दार उघडलं तर आतून गरम वाफ अंगावर आली. थंड करणारं यंत्र शनिवारी दुपारीच बंद पडलेलं होतं. लसींचे अकरा हजार डोस वाया गेले. आणि मोतीच्या वहीत शनिवारी सकाळी आठपासून सोमवारी दहापर्यंत सोळा नोंदी. सोळाही सारख्या. ४.२. चार पूर्णांक दोन, सोळा वेळा, सुंदर अक्षरात, प्रत्येकीपुढे सही.

आदल्या आठवड्यात आकडे ३.६ होते, ४.९ होते, वरखाली होते. अडीच दिवस एकच आकडा कसा येईल? भांडारप्रमुखांनी वही उघडली, बोट ठेवलं आणि म्हणाले, "खुर्चीत बसून लिहिलंय." त्याच दिवशी निलंबन. आरोपपत्रातला शब्द: 'खोट्या नोंदी'.

मोती युनियनच्या कचेरीत माझ्याकडे आला तो हातात त्या पानांच्या झेरॉक्स घेऊन. आमच्या कचेरीत माणसं येतात ती रडत येतात नाहीतर शिव्या देत येतात. हा खाली मान घालून बसला. मी म्हणालो, "नोकरी वाचवू."

"नोकरीचं बघा, न बघा," तो म्हणाला. "तो शब्द काढायला लावा."

"कोणता?"

"खोट्या. मी पडद्यावर जे होतं तेच लिहिलं. सोळाही वेळा उठून जाऊन लिहिलं."

मी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस सोळा वेळा ४.२ लिहीत नाही. तो ४.१ लिहितो, मग ४.३, मग ४.०. एवढी अक्कल प्रत्येक लबाडाला असते. हे मला फाटकावर शिकायला मिळालेलं आहे. तेव्हा त्याला घेऊन मी थेट वहिनींकडे गेलो.

वहिनींनी झेरॉक्स खिडकीपाशी धरून वाचल्या. आकड्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या शेऱ्यांचा रकाना वाचत मागे मागे गेल्या आणि सात आठवड्यांपूर्वीच्या एका शुक्रवारावर थांबल्या. तिथे मोतीने लिहिलं होतं: 'खोलीला रंग दिल्यानंतर तापमान मोजणारे यंत्र पुन्हा चालू केले. दुपारी ३ वाजता. सुरू होताना पडद्यावर आलेला मजकूर पुढीलप्रमाणे.' आणि खाली तो सगळा मजकूर, परक्या भाषेतला, एक अक्षर न चुकता उतरवलेला.

"हे तुम्ही का लिहिलंत?" वहिनींनी विचारलं.

"दिसलं म्हणून," मोती म्हणाला.

"त्यानंतर यंत्र कधी बंद केलं?"

"नाही. बंद करू नये, असं त्यावर चिकटवलंय."

"एकदाही नाही? लाइट गेली असेल."

"बॅटरी आहे. एकदाही नाही."

वहिनींनी चष्मा काढला. "हे आमचं आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्या बोर्डाबद्दल बोलतायत. त्या फर्मवेअरबद्दल बोलत होत्या; सुरू होताना येणारा तो मजकूर त्याचाच होता. कंपनीने उघड्यावरचं फर्मवेअर उचललं होतं, वर आपला शिक्का मारला होता आणि डबा भांडाराला विकला होता. हे रीतीत बसतं. घ्या म्हणूनच ते तिथे ठेवलेलं असतं.

दोन दिवसांनी त्यांनी आम्हाला परत बोलावलं. टेबलावर तसाच बोर्ड, त्याला तापमान मोजायची सळई, पेल्यात बर्फ घालून गार केलेलं पाणी. वहिनी म्हणाल्या, "ही चिप चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते मोजत असते, सेकंदाच्या हजाराव्या भागात. पण मोजायचा तिचा डबा ठरावीक मापाचा. एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास झाले की डबा भरतो आणि मोजणी शून्यावर येते. गाडीचा मीटर सगळे नऊ झाले की शून्यावर येतो, तसं. मी आता मोजणी अशा ठिकाणाहून सुरू केलीय की पाच मिनिटांत डबा भरेल. बघत बसा."

पडद्यावर ४.१, ४.३, ४.२. पाच मिनिटं आम्ही तिघं आणि दारात हाताला वार्निश लागलेले दादा, सगळे त्या पडद्याकडे बघत राहिलो. मग वहिनींनी सळई गार पाण्यातून काढली आणि शेजारच्या कढत पाण्याच्या पेल्यात घातली. पडद्यावर ४.२. त्यांनी सळई माझ्या हातात दिली. चटका बसला. पडद्यावर ४.२.

"शेवटचा आकडा पाठवत राहतं," त्या म्हणाल्या. "नवा घेतच नाही."

मोतीने बोटांवर मोजलं. शुक्रवार दुपारी तीनपासून सात आठवडे आणि सतरा तास. शनिवार सकाळी आठ. त्याच्या सोळा नोंदींतली पहिली. तो खुर्चीतून उठला आणि परत बसला. दादा म्हणाले, "चहा टाका कुणीतरी." कुणीच उठलं नाही म्हणून ते स्वतः गेले.

मी विचारलं, "मग भांडारातल्या दुसऱ्या खोलीत हे का होत नाही?"

त्याचं उत्तर मोतीला माहीत होतं. शेजारच्या शीतखोलीचा अटेंडंट, त्याला सगळे डुलक्या म्हणतात, दर एक-दोन दिवसांनी यंत्राचा प्लग आणि बॅटरीची वायर उपटून त्या जागी आपला मोबाइल चार्जिंगला लावायचा. त्याच्या यंत्राचे एकोणपन्नास दिवस कधी भरलेच नाहीत. ज्याने नियम पाळला त्याचेच भरले.

मी खूश झालो. केस हातात आली होती. मी टेबलावर थाप मारली आणि म्हणालो, "वहिनी, तुम्ही सुनावणीला यायचं आणि हाच खेळ करून दाखवायचा. संपलं." पण वहिनी खूश दिसेनात. मोती गेल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एका ओळीवर बोट ठेवलं. ओळीपुढे तारीख होती, सहा वर्षांपूर्वीची. आणि नाव, लालदिवा.

तेव्हा काही स्वस्त बोर्डांवर घड्याळ मध्येच मागे उडी मारायचं आणि भलतेच आकडे जायचे. वहिनींनी बंदोबस्त म्हणून एक ओळ घातली होती: आत्ताची वेळ मागच्या वेळेपेक्षा कमी दिसली तर काहीतरी गडबड आहे, नवं मोजमाप घेऊ नको. दोघा जाणत्यांनी ती तपासली होती, छान म्हणाले होते. डबा भरून मोजणी शून्यावर आली की आत्ताची वेळ मागच्यापेक्षा कमीच दिसणार, हे तिघांच्याही डोक्यात आलं नाही. काळजीपोटी घातलेली ओळ होती ती.

"कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"आज सांगणार."

"वहिनी, सुनावणीला बारा दिवस आहेत. बारा दिवस गप्प राहा. आपण बग दाखवू, कुणाचा ते कशाला सांगायचं? नंतर काय लिहायचं ते लिहा, पताका लावून लिहा."

"आणि बारा दिवसांत?"

"बारा दिवसांत काय होतंय?"

"हे आणखी कुठे कुठे बसवलंय, मला माहीत नाही, भावजी. कुणाचे एकोणपन्नास दिवस उद्या भरत असतील."

"मग बग लिहा. नाव नका लिहू."

"नाव मी लिहायचं नसतंच. ते तिथे आहेच."

माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढं सांगतो की 'तुमच्या त्या अंगठ्याच्या चित्रासाठी एका माणसाचा बळी देताय' इथपर्यंत गेलो. पुढच्या खोलीतून दादा ओरडले, "तिला सांगतोस? मी अठ्ठावीस वर्षं मीठ कमी घाल म्हणून सांगतोय." वहिनी हसल्या नाहीत. मी चपला घातल्या आणि निघालो. संध्याकाळी त्यांनी लिहिलं. 'ओळ माझी आहे. एका औषध भांडारात यामुळे नुकसान झाले आहे. दुरुस्ती सोबत.' तीन दिवसांत दुरुस्ती घेतली गेली. एकतीस अंगठे आले.

सुनावणीची खोली लांबट, काचेचं टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. तिथला एसी मात्र व्यवस्थित चालत होता. चौकशी अधिकारी, भांडारप्रमुख, कंपनीचा एक माणूस, मोती, मी. वहिनी दोन थर्मास घेऊन आल्या होत्या, एकात बर्फ, एकात कढत पाणी. थर्मास उघडायची वेळच आली नाही. कंपनीचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "प्रात्यक्षिकाची गरज नाही. दोष आम्हाला मान्य आहे."

मी चमकलो. कंपनी इतक्या सहज मान्य करते तेव्हा खिशात काहीतरी असतं.

"तो आमचा नाही, एवढंच," तो म्हणाला आणि त्याने एक छापील कागद सरकवला. वहिनींनी लिहिलेलं होतं ते, एकतीस अंगठ्यांसकट.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"म्हणजे दोष तुमचा."

"ओळ माझी."

"तुमचं शिक्षण?"

"शाळा अर्धवट."

"मग हे काम कुठे शिकलात?"

"डाव्या खोक्यात," वहिनी म्हणाल्या. खोलीत फक्त मला समजलं, आणि मला हसू आलं नाही.

कंपनीचा माणूस पुढे झाला. "यात एक लक्षात घ्यावं. दोष घालणारी व्यक्ती आणि आरोपीची बाजू मांडणारे प्रतिनिधी हे जुन्या ओळखीचे आहेत. एकाच घरात येणं-जाणं आहे."

"बाहेरच्या बाईची ओळ एवढी वाईट होती तर उचलून डब्यात घातलीत कशाला?" मी म्हणालो.

"त्या फर्मवेअरच्या फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलंय, कोणतीही हमी नाही. ते आम्हालाही लागू, सगळ्यांनाच लागू."

"डबा विकताना हे भांडाराला वाचून दाखवलं होतंत?"

त्याने बाटलीचं झाकण फिरवलं. अधिकारी मोतीकडे वळले. "यंत्र बिघडलं असेल. पण सोळा वेळा एकच आकडा. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं," मोती म्हणाला.

"मग?"

"वाटलेलं लिहायला रकाना नाही, साहेब."

"शेऱ्यांचा रकाना आहे."

"तिथे घडलेलं लिहायचं असतं."

"दार उघडून बघायचं."

"माल न्यायची गाडी आल्याशिवाय दार उघडू नये, असा लेखी नियम आहे."

"काचेचं थर्मामीटर असतं आत, बाहेरून दिसतं."

"ते नवं यंत्र बसवताना काढून नेलं. परत द्या म्हणून मी चिठ्ठी दिली होती. पान एकतीसला जोडलीय."

अधिकाऱ्यांनी पान एकतीस काढलं नाही. भांडारप्रमुख छताकडे बघत होते. आणि तिथे माझा तोल गेला. मी उठून ते पान त्यांच्यापुढे आपटलं, बाटली आडवी झाली, पाणी कागदांवर गेलं, आणि मला खोलीबाहेर काढलं. उरलेली सुनावणी मी जिन्यात बसून काढली. आत वहिनींना आणखी काय विचारलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. थर्मास घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भावजी, तुमचा शर्ट भिजलाय."

महिन्याने निकाल आला. मी तो इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय. 'नोंदी खोट्या असल्याचे निर्विवादपणे सिद्ध होत नाही. तथापि सलग सोळा वेळा समान आकडा नोंदवूनही शंका उपस्थित न करणे हा गंभीर निष्काळजीपणा आहे. सेवा समाप्त करण्यात येत आहे.' खाली एक ओळ, युनियनच्या प्रतिनिधीच्या असभ्य वर्तनाबद्दल. ती माझी. तिच्यामुळे निकाल फिरला असं कुणी म्हणत नाही, पण पान एकतीसबद्दल निकालात एक अक्षर नाही, आणि ते पान मीच पाण्यात घातलं होतं.

मोतीने निकाल वाचला. "सिद्ध होत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे खोट्या म्हणता येत नाही."

"मग खऱ्या होत्या असं का नाही लिहीत?"

मी अपील वगैरे बोलू लागलो. तो म्हणाला, "त्या बाईंकडे जाऊ."

वहिनींच्या घरी तो बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "मला ती ओळ दाखवा." वहिनींनी दाखवली. जुनी, चुकीची, आणि शेजारी नवी. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण नाव आणि तारीख वाचता आली. बराच वेळ बघून म्हणाला, "तुम्ही गप्प राहिला असतात तर?"

"तर बग मी शोधला असं झालं असतं. कंपनीने मग माझं नाव शोधून काढलं असतं, चार दिवस उशिरा."

"चार दिवस उशिरा म्हणजे सुनावणीनंतर."

मलाही हेच म्हणायचं होतं, बारा दिवस आधी मी हेच म्हणत होतो. पण मोतीच्या तोंडून ऐकताना मला ते नकोसं झालं.

"बरोबर आहे तुमचं," वहिनी म्हणाल्या.

"बरोबर असून काय करू?" मोती म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो वहिनींशी बोललेला नाही.

त्याचं भांडारातलं सामान आणायला मी गेलो. एक डबा, एक छत्री, शाईचे तीन पेन. शीतखोलीच्या दारावर नवा कागद चिकटवलेला होता, भांडारप्रमुखांच्या सहीचा. 'दर सोमवारी सकाळी नऊ वाजता यंत्र बॅटरीसह पूर्णपणे बंद करून पुन्हा चालू करावे. अटेंडंटने तशी नोंद करून सही करावी.' दोन्ही खोल्या आता डुलक्याकडे होत्या.

"फाडू नका हो," तो म्हणाला. "मला त्यावर सही करावी लागते."

"फर्मवेअर बदललं का रे? नवं घातलं?"

"ते काय असतं?"

कंपनीने दुरुस्ती घेतलीच नव्हती. प्रत्येक डब्यापर्यंत माणूस पाठवण्यापेक्षा एक पत्र पाठवणं सोपं. जे डुलक्या मोबाइलसाठी करायचा तेच आता नियम झालं होतं, आणि ज्याने ते कधी केलं नाही त्याची छत्री माझ्या हातात होती. मी त्या कागदाचा फोटो काढला. कामगार न्यायालयात मोतीची केस घातलीय, तिला लावलाय. तारखा पडतायत.

फोटो वहिनींना दाखवला. आमचं बोलणं तोवर पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं होतं, दादांनी मध्ये पडून करून दिलं होतं. वहिनींनी फोटो मोठा करून वाचला. "म्हणजे दुरुस्ती घातलीच नाही," त्या म्हणाल्या. बाकी काही नाही. त्यांना आदळआपट येत नाही, हे त्यांचं दुर्दैव आहे असं मी नेहमी म्हणतो.

पण त्या जगात आणखी एक रीत आहे. मोठा बग दुरुस्त केला की त्याच्यासाठी एक चाचणी लिहून ठेवायची. पुढे कुणी फर्मवेअरमध्ये काही बदललं की चाचणी आपोआप चालते, आणि तोच बग परत आला तर लाल दिवा लागतो, बदल अडतो. वहिनींनी चाचणी लिहिली. मोजणी भरत आलेली, मग शून्य, आणि पुढे यंत्राकडून येणारे आकडे. त्यांनी कुठलेही आकडे घातले असते तरी चाललं असतं. त्यांनी सोळा वेळा ४.२ घातलं. सोळांपुढे मोतीच्या वहीतल्या तारखा आणि वेळा. आणि वर, माणसांनी वाचायच्या ओळीत, परक्या भाषेत, एक वाक्य: 'या सोळा नोंदी खऱ्या होत्या. लिहिणाऱ्याने पडद्यावर दिसले तेच लिहिले.'

चाचणी तपासणारा कुठल्यातरी लांबच्या देशातला, वहिनी त्याला मिशीवाले म्हणतात, फोटोत तेवढंच दिसतं म्हणून. त्याने फार सभ्यपणे कळवलं: चाचणी उत्तम आहे. वरचं वाक्य कामाशी संबंधित नाही. तेवढं काढलंत तर लगेच घेतो.

वहिनींनी उत्तर दिलं: 'काढणार नाही.'

त्याने विचारलं, का. त्यांनी लिहिलं, 'कारण दुसरीकडे कुठेही ते लिहिलेलं नाही.' मिशीवाले म्हणाले, तुमच्या भावना समजतात, पण ही त्याची जागा नव्हे. आणखी दोघे येऊन तेच सांगून गेले, आणखी सभ्यपणे. नऊ वर्षांत वहिनींनी तिथे कुणाचं ऐकलं नाही असं झालं नव्हतं. आता पाच महिने झाले, चाचणी तशीच अडकून पडलीय. दादा म्हणाले, "काढून टाक ना एक वाक्य, त्यात काय." मी दादांना म्हणालो, "तुम्ही मिठाचं बघा."

मोती आता आमच्या कचेरीत बसतो. लोकांचे अर्ज लिहितो. त्याच्या अक्षरातला अर्ज साहेब लोक निदान वाचतात तरी. वहिनींचं नाव तो घेत नाही. पण पंधरवड्यातून एकदा, लिहिता लिहिता, मान वर न करता विचारतो.

"ते वाक्य आहे का अजून?"

"आहे."

"घेतलं त्यांनी?"

"नाही."

तो ओळ पुरी करतो, खाली टिंब देतो.

"पुढे सही आहे ना त्या बाईंची? तारखेसकट?"

"आहे."

"मग असू दे," तो म्हणतो आणि पुढचा अर्ज ओढतो.